न फुटलेल्या गोळ्यातलं आरडीएक्स विहिरीपर्यंत कसं पोचतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं गाव तोफांच्या सरावाच्या मैदानाला लागून आहे. आजोबांच्या काळापासून तिथे गोळे पडतात. यंदा विहिरीचं पाणी तपासून घेतलं, रिपोर्ट 'पिण्यायोग्य' आला. पण इतकी वर्षं पडलेली दारू जाते कुठे? मातीत राहते की पाण्यात उतरते? आणि उतरली असती तर रिपोर्टात दिसली असती का?"

शेवटचा प्रश्न सोपा आहे, त्याचं उत्तर आधी देतो. नसती दिसली.

प्रयोगशाळेला जे शोधायला सांगतात तेवढंच ती शोधते. तुमच्या रिपोर्टात पीएच, विरघळलेले क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, कोलिफॉर्म अशा दहा-पंधरा ओळी असतील. ही यादी पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातून, म्हणजे आयएस १०५०० मधून येते, आणि त्या मानकात टीएनटी किंवा आरडीएक्स या तोफगोळ्यांतल्या स्फोटकांची ओळच नाही. त्यामुळे 'पिण्यायोग्य' या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की जे तपासलं ते मर्यादेत आहे. तुमच्या विहिरीत स्फोटकांचा अंश आहे असं मी म्हणत नाही. तो आहे की नाही, हे या कागदावरून कळत नाही.

आता मुख्य प्रश्न. मी भूजलाच्या रसायनशास्त्रात आयुष्य घालवलं, आणि या विषयात एक गैरसमज मला सगळीकडे भेटला. लोकांना वाटतं की मोठा आवाज, मोठा धूर म्हणजे मोठं प्रदूषण. गोष्ट नेमकी उलटी आहे. नीट फुटलेला गोळा पाण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी असतो. स्फोटाच्या क्षणी आतल्या रेणूंचं नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी असं होऊन जातं. मूळ पदार्थ उरतो तो किती?

हे मोजायला अमेरिकी लष्कराच्या शीत प्रदेश संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी एक झकास युक्ती काढली. ते अलास्का आणि व्हरमाँटमध्ये ताज्या बर्फावर गोळे फोडत. पांढऱ्या बर्फावर काजळीचा डाग कुठपर्यंत पसरला ते डोळ्यांना दिसतं, जुन्या मातीची सरमिसळ होत नाही, आणि बर्फ खरवडून, वितळवून पाण्याचं पृथक्करण करता येतं. नीट फुटलेल्या गोळ्यामागे स्फोटक उरायचं ते काही मिलिग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी.

पण प्रत्येक गोळा नीट फुटत नाही. काही जमिनीत तसेच घुसून बसतात. लष्करात त्यांना 'ब्लाइंड' म्हणतात. काही अर्धवट फुटतात, कवच फाटतं, आतली दारू ढेकळं आणि भुकटी होऊन विखुरते. आकडे मांडून बघा. १५५ मिलिमीटरच्या एम १०७ जातीच्या गोळ्यात सुमारे ७ किलो स्फोटक असतं. तो अर्धवट फुटून त्यातलं १ किलो जरी मातीवर पडलं, तरी गोळ्यामागे १० मिलिग्रॅम सोडणाऱ्या, नीट फुटलेल्या १ लाख गोळ्यांइतकं ते झालं. म्हणून एखाद्या मैदानावर किती गोळे पडले, हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. किती फुटले नाहीत, आणि जुनी दारूगोळ्याची खेप जाळून किंवा फोडून नष्ट करायचा खड्डा कुठे होता, हे मी आधी विचारतो. अशा खड्ड्यांत अर्धवट जळलेलं बरंच काही साचतं, आणि तेही वर्षानुवर्षं एकाच जागी.

मातीवर पडलेल्या त्या ढेकळाचं पुढे काय होतं, ते पावसावर अवलंबून असतं. स्फोटकं मिठासारखी चटकन विरघळत नाहीत. त्याच प्रयोगशाळेत टीएनटी आणि आरडीएक्समिश्रित स्फोटकांचे तुकडे उघड्यावर, खाली नरसाळं आणि बाटली लावून काही वर्षं पावसात ठेवले होते. प्रत्येक पावसानंतर बाटलीतलं पाणी तपासायचं आणि तुकड्याचा फोटो काढायचा. टीएनटीचे फिकट तुकडे उन्हाने तांबूस-तपकिरी होत गेले. वाळूच्या कणाएवढे तुकडे काही पावसाळ्यांत संपतात, पण बोराएवढ्या ढेकळाला दशकं लागतात. म्हणजे एका मोठ्या ढेकळातून दर पावसाळ्यात थोडं थोडं स्फोटक खाली उतरत राहतं. सराव बंद झाला तरी हा पाझर सुरूच असतो. जर्मनीत श्टाट-आलेनडॉर्फला दुसऱ्या महायुद्धात टीएनटीचा कारखाना होता. युद्ध संपून अर्धं शतक उलटल्यावरही तिथली माती खणून साफ करण्याचं काम चालू होतं.

विरघळल्यानंतर मात्र प्रत्येक पदार्थाची चाल वेगळी. मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग हा आहे.

एक लिटर पाण्यात टीएनटी साधारण १०० मिलिग्रॅम विरघळतं, आरडीएक्स ४० ते ६० आणि आरडीएक्सचं भावंड असलेलं एचएमएक्स जेमतेम ५. हे आकडे बघून कुणीही म्हणेल की टीएनटी सर्वांत आधी विहिरीत पोचेल. प्रत्यक्षात जगभरच्या सरावाच्या मैदानांखाली भूजलात सापडतं ते मुख्यत: आरडीएक्स. टीएनटी विरघळतं जास्त, पण लांब जात नाही.

याचा एक नमुनेदार पुरावा कॅनडातल्या रणगाडाविरोधी अस्त्रांच्या मैदानांवर मिळाला. तिथल्या रॉकेटांत ऑक्टोल भरलेलं होतं, ७० टक्के एचएमएक्स आणि ३० टक्के टीएनटी. दोन्ही पदार्थ तसेच राहिले असते तर मातीतही तेच प्रमाण दिसायला हवं होतं. दिसलं असं, की एचएमएक्स वरच्या मातीत भरपूर आणि टीएनटी त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं. एचएमएक्स विरघळत नाही म्हणून पडून राहिलं. टीएनटी विरघळलं, आणि मातीनेच ते गिळलं.

गिळलं म्हणजे काय? टीएनटीच्या बेंझीन कड्याला तीन नायट्रो गट असतात. ते कड्यातले इलेक्ट्रॉन स्वत:कडे ओढून घेतात, त्यामुळे जिवाणूंना ऑक्सिजन वापरून ते कडं फोडणं जड जातं. जिवाणू मग वेगळी वाट धरतात, एकेका नायट्रो गटाचं अमिनो गटात रूपांतर करतात. आधी एक, मग दुसरा. ऑक्सिजन अजिबात नसेल तर तिसराही. हे अमिनो गट मातीतल्या ह्यूमसशी, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय भागाशी, रासायनिक बंधाने जोडले जातात. नुसते चिकटत नाहीत, त्याचाच भाग होऊन बसतात, आणि पुन्हा पाण्यात येत नाहीत असं म्हटलं तरी चालेल. शेणखत-पालापाचोळा मुरलेल्या ओलसर मातीत विरघळलेलं टीएनटी काही आठवड्यांत असं नाहीसं होऊ शकतं. ढेकळाच्या आत कोरडं बसलेल्या टीएनटीला हा नियम लागू नाही, कारण जिवाणू तिथे पोचतच नाहीत.

इथे आपल्याकडचे अभ्यासू लोक हमखास म्हणतात, "आमची तर काळी रेगूर, चिकण मातीचा खजिना, ती सगळं धरून ठेवेल." अर्धं खरं आहे. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट नावाचं खनिज नायट्रो गट असलेल्या कड्यांना खरोखर घट्ट धरतं, पण कधी? त्याच्या थरांमध्ये पोटॅशियम किंवा अमोनियमचे आयन असतील तेव्हा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन स्वत:भोवती पाण्याचं जाड वेष्टण घेऊन बसतात आणि टीएनटीला जवळ येऊ देत नाहीत. आपल्या काळ्या मातीत भरणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचाच. तेव्हा नुसत्या मातीच्या रंगावर विसंबू नका. त्यात सेंद्रिय कर्ब किती आहे, ते बघणं जास्त शहाणपणाचं.

आरडीएक्सची गोष्ट निराळी. त्याला बेंझीनचं कडं नाही. मातीला ते फार कमी चिकटतं, आणि हवा खेळत असलेल्या जमिनीत त्याला हात लावणारे जिवाणू थोडे. एकदा मुळांच्या थराखाली गेलं, की ते पाण्याच्या सोबतीने, जवळजवळ पाण्याच्याच वेगाने चालतं. याचा सगळ्यात अभ्यासलेला दाखला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाच्या समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्यावर आहे.

तिथल्या कॅम्प एडवर्ड्समध्ये अनेक दशकं तोफा-उखळी तोफांचा सराव चाले. जमीन म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे, खाली वाळूतच भूजल. केप कॉडच्या लोकांना पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोत नाही, असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८२ मध्येच जाहीर केलं होतं. वाळूत सेंद्रिय पदार्थ नगण्य, पाण्यात ऑक्सिजन भरपूर. आरडीएक्सला मोकळं रान मिळालं. १९९७ मध्ये याच संस्थेने आधी भूजलाची तपासणी करण्याचा आणि मग प्रत्यक्ष तोफमारा थांबवण्याचा आदेश काढला. पिण्याचं पाणी वाचवण्यासाठी लष्करी सराव थांबवल्याचं हे फार दुर्मीळ उदाहरण. पुढच्या तपासात आरडीएक्सचे भूजलातले पट्टे सापडत गेले. त्यातला एक हिमनदीने सोडलेल्या एका खोलगट खळग्याखालून निघाला होता. त्या खळग्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्फोटकं उडवण्याचं प्रशिक्षण चालायचं. जागा लहान, तिच्यापासून निघालेला पट्टा मैलाहून लांब. तिथलं भूजल दिवसाला सुमारे फूटभर सरकतं. रोज एक फूट म्हणजे वर्षाला ११० मीटर, ४० वर्षांत ४ किलोमीटरहून जास्त. नेब्रास्कातल्या कॉर्नहस्कर दारूगोळा कारखान्याखालून आरडीएक्स असंच ग्रँड आयलंड शहराच्या दिशेने गेलं, आणि १९८० च्या दशकात तिथल्या शेकडो घरांना खासगी विहिरी सोडून नळाचं पाणी घ्यावं लागलं.

मग आपल्याकडे? महाराष्ट्रात दारूगोळ्याशी संबंध असलेल्या जागा काही कमी नाहीत. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती इथले कारखाने, पुलगावचं कोठार, देवळाली आणि अहिल्यानगरकडची सरावाची मैदानं. यातल्या कुठल्याही जागेबद्दल मी आरोप करत नाही, माझ्या हातात तसा डेटा नाही. मी फक्त आपली जमीन कशी वागते ते सांगू शकतो.

केप कॉडच्या वाळूत पाणी एकसारखं, अंदाज बांधता येईल असं चालतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात तसं नाही. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते; पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी मातीतून गाळून न जाता भेगांतून थेट खाली मुरुमात उतरतं. भेगा मिटल्या की तीच माती चोंदून जाते आणि पाणी वरून ओढ्याला लागतं. म्हणजे मातीच्या वरच्या थराने टीएनटी धरून ठेवण्याची जी संधी असते, ती वर्षातल्या सर्वांत मोलाच्या आठवड्यात हुकते. मुरुमाखाली कातळाच्या सांधी-फटी. तिथे ह्यूमस नाही. एक विहीर स्वच्छ आणि शंभर पावलांवरची दुसरी बिघडलेली, हे फ्लोराइड-नायट्रेटच्या बाबतीत आपण रोज बघतो. आरडीएक्स त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. भाताच्या खाचरासारख्या, पाणी तुंबलेल्या, प्राणवायू संपलेल्या चिखलात आरडीएक्सचं कडं जिवाणू पटकन तोडतात, आणि एकदा तुटलं की ते नायट्रस ऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड अशा लहान तुकड्यांत कोसळतं. तिथे ते टिकत नाही. वरकस माळावर आणि मुरुमात टिकतं.

तिसरा प्रवासी परक्लोरेट. हा स्वत: स्फोटक म्हणून कमी, रॉकेटच्या इंधनात, प्रकाशगोळ्यांत आणि शोभेच्या दारूत प्राणवायू पुरवणारा म्हणून जास्त. अमोनियम परक्लोरेट लिटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि मातीला चिकटतच नाही. केप कॉडच्या त्याच खळग्याखाली आरडीएक्सबरोबर तेही निघालं. केरळात अलुव्याजवळ अमोनियम परक्लोरेटच्या कारखान्याच्या परिसरातल्या विहिरींत ते सापडल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. उत्तर फ्रान्समध्ये तर पहिल्या महायुद्धाच्या आघाडीच्या पट्ट्यात ते पिण्याच्या पाण्यात मिळालं, आणि २०१२ मध्ये काही गावांत गरोदर बायका व तान्ह्या मुलांसाठी नळाचं पाणी वापरू नका असं सांगावं लागलं. आणि हे फक्त लष्कराचं दुखणं नाही बरं का. ओक्लाहोमातल्या एका तळ्यावर आतषबाजीनंतर १४ तासांच्या आत परक्लोरेट मूळ पातळीच्या २४ ते १,०२८ पट वाढल्याचं मोजलेलं आहे; उतरायला २० ते ८० दिवस लागले. दिवाळीनंतर गावतळ्याचं पाणी कुणीतरी तपासावं, अशी माझी जुनी इच्छा आहे.

कारखान्यांचं प्रदूषण मैदानांपेक्षा वेगळं. तिथे पदार्थ पाण्यातूनच बाहेर येतो. गोळ्यात टीएनटी ओतल्यावर यंत्रं, फरशा धुतात, ते धुवण पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशा धुवणाचा नमुना मी साध्या पांढऱ्या बाटलीत घेतला आणि प्रयोगशाळेत खिडकीशी ठेवून जेवायला गेलो. परत येतो तर पाणी गुलाबी. मला वाटलं कुणी रंग टाकून चेष्टा केली. वरिष्ठांनी बाटली बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उन्हात ठेवलीस ना? गेला तुझा नमुना." प्रकाशात टीएनटीचे रेणू मोडतात, नवे रंगीत रेणू तयार होतात; इंग्रजीभाषक मंडळी या धुवणाला 'पिंक वॉटर' असंच म्हणतात. उथळ, उघड्या पाण्यात हा सूर्यप्रकाश टीएनटीचा मोठा शत्रू आहे. विहिरीच्या तळाशी किंवा बोअरमध्ये त्याचा उपयोग शून्य.

असं गुलाबी पाणी ऑरेगॉनमधल्या उमाटिला दारूगोळा कोठारात १९५० च्या दशकापासून १९६५ पर्यंत अस्तर नसलेल्या दोन तळ्यांत सोडलं जात होतं, सगळं मिळून सुमारे साडेआठ कोटी गॅलन. तळ्यांखालच्या मातीत स्फोटकं साचली आणि त्याखाली भूजलात गेली. १९९० च्या दशकात ती माती भट्टीत जाळण्याऐवजी तिथल्या लोकांनी चक्क खत घातलं. शेण, कोंबडीची विष्ठा, लसूणघास, बटाट्याचा टाकाऊ भाग, लाकडाचा भुसा हे सगळं मातीत मिसळून लांबच लांब ढीग लावले आणि यंत्राने खालीवर करत राहिले. आतली उष्णता वाढली, जिवाणू कामाला लागले आणि किलोमागे हजारो मिलिग्रॅम असलेलं टीएनटी दोनेक आठवड्यांत ३० मिलिग्रॅमच्या खाली आलं. गावाकडच्या उकिरड्याचं तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं, एवढंच. टीएनटी तिथे 'नष्ट' झालं की ह्यूमसमध्ये 'बांधलं' गेलं, यावर रसायनतज्ज्ञांनी बराच वाद घातला. माझं मत, बांधलं गेलं. पण खाली उतरत नसेल आणि पिकात चढत नसेल तर मला ते चालतं.

पिकाचा विषय निघालाच आहे तर: टीएनटी मुळांशीच अडकतं, पानापर्यंत फारसं जात नाही. आरडीएक्स मात्र पाण्याबरोबर वर चढून पानांत साठतं. म्हणून जिथे ढेकळं पडल्याची शंका आहे, त्या माळावर गुरं चारू नयेत. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी आरडीएक्स खाणाऱ्या ऱ्होडोकॉकस जिवाणूचं जनुक स्विचग्रास नावाच्या गवतात घातलं. न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम तळावर त्याची प्रत्यक्ष जमिनीवर चाचणी झाली, आणि साध्या गवतात आरडीएक्स साठतं तसं न होता या गवताने ते आतल्या आत मोडून टाकलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे असं गवत पेरायला परवानगी कधी मिळेल, यावर मी पैज लावणार नाही.

भूजलात उतरलेलं आरडीएक्स काढायचं म्हणजे खर्चिक आणि कंटाळवाणं काम: पाणी उपसा, दाणेदार सक्रिय कोळशातून गाळा, परत जमिनीत सोडा, आणि हे वर्षानुवर्षं. परक्लोरेटला कोळसा नीटसा पुरत नाही, आयन बदलणारं रेझिन लागतं. पाण्याच्या वाटेत चर खणून त्यात लोखंडाचा कीस किंवा लाकडाचा भुगा भरला तर आरडीएक्स त्यातून जाताना मोडतं. हे उथळ भूजलात छान चालतं, आपल्या कातळात चर कुठे खणणार हा प्रश्नच आहे. त्यापेक्षा ते वरच अडवावं. हातबॉम्बच्या सरावाच्या जागी मातीत विरलेला चुना मिसळून पीएच अकराच्या आसपास नेला तर टीएनटी आणि आरडीएक्स दोन्ही मोडतात. चुना स्वस्त आहे. काळ्या मातीचा मूळचा पीएच आठच्या आगेमागे असतो, तेवढ्याने हे काम होत नाही.

जाता जाता एक नवी काळजी. आग किंवा गोळी लागून अपघाताने उडू नयेत म्हणून आता 'असंवेदनशील' स्फोटकं येत आहेत. अमेरिकेने तोफगोळ्यांत टीएनटीऐवजी आणलेलं आयएमएक्स-१०१ हे त्यातलं. सैनिकांसाठी ते निश्चित सुरक्षित. पण त्यातला एनटीओ हा घटक लिटरमागे १६ ग्रॅमच्या आसपास विरघळतो, टीएनटीच्या शंभरपटीहून जास्त. कोठारात जे सुरक्षित, ते पावसात तसंच असेल असं नाही.

किती अंश धोकादायक? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी आयुष्यभराची सल्लागार मर्यादा टीएनटी आणि आरडीएक्स दोन्हींसाठी लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे, एचएमएक्ससाठी ४००. परक्लोरेटला कॅलिफोर्नियात ६ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २ मायक्रोग्रॅम. आठ मीटर व्यासाची विहीर, सहा मीटर पाणी, म्हणजे ३ लाख लिटर. त्यात २ मायक्रोग्रॅमची पातळी गाठायला आरडीएक्स लागतं फक्त ०.६ ग्रॅम, चिमूटभर. टीएनटी जास्त प्रमाणात गेलं तर यकृत आणि रक्तावर परिणाम करतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांतल्या बायकांची कातडी पिवळी पडायची, काहींचा काविळीने जीव गेला. आरडीएक्स मेंदूवर जातं. जास्त मात्रेत झटके येतात. परक्लोरेट थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही, म्हणून गरोदर बायका आणि बाळं यांची काळजी जास्त. पाणी उकळून यातलं काहीही जात नाही, उलट थोडं आटून दाट होतं. तुरटीनेही नाही.

आता तुम्ही काय करायचं. सगळ्यात आधी: मैदानावर किंवा शेतात पडलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका. तांब्या-पितळेच्या भंगारासाठी जीव गमावलेले लोक या राज्यात आहेत. ब्लाइंड दिसला तर जागा लक्षात ठेवा, मागे फिरा, पोलिसांना कळवा. पाण्याचं प्रकरण सावकाश चालणारं आहे; हे एका क्षणात होतं.

मग पाण्याची दिशा शोधा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या पाणलोटाचा नकाशा आणि विहिरींच्या पातळ्या मागा. मैदान चढाकडे आणि गाव उताराकडे असेल तर तपासणीला अर्थ आहे. उलट असेल तर तुमची शंका बरीचशी मिटली. शेजारी दगडखाण असेल तर ते वेगळं सांगा: सुरुंगात वापरलेलं अमोनियम नायट्रेट ओल्या भोकात विरघळून न फुटता राहतं आणि नायट्रेट वाढतं. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते तुमच्या आहे त्या रिपोर्टातच दिसेल. मात्र खतं आणि गोठाही तेच करतात, म्हणून नुसत्या नायट्रेटवरून खाणीवर बोट ठेवू नका.

मातीचे नमुने स्वत: घेऊ नका, आणि कुणी घेतले तर किती ठिकाणचे घेतले ते विचारा. मी एकदा जुन्या जळणखड्ड्याभोवती पाच नमुने घेतले; चारांत काहीच नाही, पाचव्यात आकडा इतका, की प्रयोगशाळेने उपकरण बिघडलंय म्हणून परत चालवलं. त्या मुठीत एक ढेकूळ आलं होतं, बाकी काही नाही. म्हणून आता एका तुकड्यातून ३० ते १०० ठिकाणची चिमूट-चिमूट माती एकत्र करून, सगळी दळून मग तपासतात. पाच नमुन्यांवर 'जमीन स्वच्छ' म्हणणारा अहवाल मी बाजूला ठेवतो.

पाण्याचं तसं नाही, ते तुम्ही घेऊ शकता. साध्या रिपोर्टवाल्या प्रयोगशाळेत न देता आधी फोन करून विचारा, की नायट्रोअरोमॅटिक (टीएनटीच्या जातीची) आणि नायट्रामाइन (आरडीएक्सच्या जातीची) स्फोटकं एचपीएलसी किंवा एलसी-एमएस या यंत्रांवर करता का, आणि लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसतं का. 'मिलिग्रॅममध्ये करतो' म्हणाले तर त्या रिपोर्टाचा उपयोग नाही. यादीत टीएनटी, आरडीएक्स, एचएमएक्स, दोन्ही डायनायट्रोटोल्यूइन (२,४ आणि २,६) आणि टीएनटीपासून होणारी दोन अमिनो-डायनायट्रोटोल्यूइन लिहून द्या. टीएनटी स्वत: संपलेलं असतं तेव्हा ही अमिनो भावंडंच सापडतात. परक्लोरेट वेगळ्या बाटलीत, वेगळ्या चाचणीला. दोनदा तपासा: पहिला मोठा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाल्यावर आणि पुन्हा मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर. बाटली तपकिरी काचेची घ्या, गच्च भरा, वर वर्तमानपत्र गुंडाळा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. खिडकीत ठेवून जेवायला जाऊ नका.